चार स्पीकरांचा सवाल

वसंतरावांच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं, की पाणी द्यायच्या आधी ते विचारायचे, "तुमच्या घरी स्पीकर किती, अन् जोडले कसे?" ज्याच्या घरी साधा ट्रान्झिस्टर नाही, त्याचीही यातून सुटका नव्हती.

बदनापुरात ते आमचे शेजारी. संशोधन केंद्रात कारकून, पण सारा जीव घरच्या ॲम्प्लिफायरमध्ये. त्याला ते नुसतं 'मशीन' म्हणायचे. मशीनला चार स्पीकर, आणि प्रत्येक स्पीकर एकेका मडक्याच्या तोंडावर बसवलेला, कारण मडक्यात आवाज घुमतो. ओसरीत, माजघरात, स्वयंपाकघरात आणि न्हाणीच्या दाराशी अशी मडकी मांडलेली. माझी आई एकदा तिथे तांब्या बुडवायला गेली आणि मडक्यातून बाजारभाव ऐकून घाबरून परत आली.

त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं. "भाऊ, चारी स्पीकर आठ-आठ ओहमचे. सगळे एकदम मशीनला लावले की ओहम दोनावर येतो. दोनावर आलं की धूर!" 'धूर' म्हणताना ते दोन्ही हात असे उडवायचे, की समोरचा मागे सरकायचा. ओहम म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कमी झाला की जळतो, एवढंच कळलं.

हे सगळं गमतीचं होतं, पण त्यांची मुलगी मंदा लग्नाची झाली आणि गंमत संपली. वसंतरावांची बायको मंदा लहान असतानाच गेली होती. घरात बाप-लेक दोघंच. पोरगी हुशार, दिसायला छान, स्थळं चालून यायची. आणि वसंतराव पोहे खाणाऱ्या मुलाला विचारायचे, "चार स्पीकर अन् एक मशीन. कसे जोडशील?"

वाटूरच्या मुलाचं फाट्यावर चांगलं दुकान होतं. तो म्हणाला, "सगळ्या लाल वायरी एकत्र पिळायच्या, सगळ्या काळ्या एकत्र." वसंतरावांनी हात उडवले. "धूर!" स्थळ गेलं. जालन्याचा एक इंजिनीअर म्हणाला, "वायरमनला बोलावीन." वसंतराव म्हणाले, "मंग लग्न बी त्याच्याशीच लावावं का पोरीचं?"

अख्खी गल्ली कपाळाला हात लावून बसली. तेवढ्यात घनसावंगीचं स्थळ आलं. मंदाने या मुलाला मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं. आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली आणि खाली बघत म्हणाली, "काका, ह्या टायमाला पोराला आधीच शिकवून आणा ना."

मग काय, मला स्फुरणच चढलं! दुसऱ्या दिवशी रजा टाकून बसस्टँडवर हजर. मुलगा आणि त्याचे मामा जीपमधून उतरले, तसं त्यांना हॉटेलात बसवलं आणि बशीत चार भजी मांडून शिकवणी सुरू केली. "हे स्पीकर. दोन-दोनाच्या जोड्या करायच्या. जोडीतले दोघं एकामागं एक, ते सिरीज. मग दोन्ही जोड्या मशीनला शेजारी-शेजारी, ते पॅरलल. ओहम परत आठ!" मुलाने मान डोलावली. पुन्हा विचारावं म्हणून बशीत पाहिलं, तर मामांनी एक स्पीकर खाल्ला होता.

"गरम होता," मामा म्हणाले.

घरी पोहे झाले आणि सवाल आला. मुलाने डोळे मिटले आणि पाढा म्हटल्यासारखं सगळं घडाघडा सांगितलं, "...अन् ओहम परत आठ." माजघरात बांगड्या वाजल्या. पण वसंतराव हटेनात. "बराबर. पन वायर जोडायच्या आधी काय करशील?"

हे मी शिकवलंच नव्हतं! मामा माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे.

मुलगा जरा थांबून म्हणाला, "बटन बंद करीन की. घरात मानसं असत्यात."

मामांनी माझ्या पाठीत असा आनंदाचा गुद्दा घातला, की चहा सांडला. गल्लीतल्या बायका माजघरातून बाहेर आल्या, सगळे एकदम बोलायला लागले. मी वसंतरावांचं अभिनंदन करायला वळलो, तर ते जागेवर नव्हते.

मागच्या अंगणात दगडावर बसले होते.

"त्याला शिकवलं कोनी, भाऊ?"

"मी," म्हणालो. "मंदानं सांगितलं म्हणून."

"म्हंजे तिला जायचंय."

"जायचंय."

त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हसलो त्यांना, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"ह्या एका सवालाचा लई आधार होता हो मला," ते म्हणाले. "कोनाला येतच नव्हता."

आतून त्यांच्या नावाने हाका यायला लागल्या. ते उठले, तोंडावर पाणी मारलं आणि माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाले, "तुमीच बोला त्यांच्याशी. पोरगं बिलकुल चांगलं हाय. तारीख तेवढी जरा लांबची धरा म्हनावं."