लॉर्ड गिल्बर्टचा कौल

आपण बोलायला उभं राहिलो की लानमेरिनच्या पडक्या किल्ल्याचे दगडसुद्धा कान टवकारतील, याबद्दल विष्णू कर्णिकांना तिळमात्र शंका नव्हती. या वेल्श बाजारगावात तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, आणि गावानं ओळखावं कसं? 'ते खोकल्याच्या बाटलीवाले'! रिटायर झाले तरी हा सल जाईना. म्हणून बाजाराला आठशे वर्षं झाली तेव्हा त्यांनी कौन्सिलशी भांडभांड भांडून अर्ध्या तासाचं भाषण पदरात पाडून घेतलं. विषय, गाव वसवणारा नॉर्मन सरदार लॉर्ड गिल्बर्ट. आठ महिने लायब्ररीत मान मोडून अभ्यास केला हो!

पत्रक काढायचं काम लेकीकडे, तनिषाकडे दिलं. पोरगी इथलीच, वेल्श शाळेत शिकलेली, मराठी कामापुरतं. बाबांनी फोनवर खणखणीत सांगितलं, की लॉर्ड गिल्बर्टनं गावाला कौल दिला आणि शनिवारी बारा वाजता तोच कौल मी गावापुढे ठेवणार. आता, पेठ वसवायला राजानं नाहीतर सरदारानं दिलेलं अभयपत्र म्हणजे कौल, हे त्यांना शाळेपासून पाठ. लेकीला कोण सांगणार?

शनिवारी किल्ल्यासमोर ही गर्दी! विष्णूरावांची छाती फुगली. मग नीट पाहिलं, तर प्रत्येकाच्या हातात वाडगा. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी तर चमचाही आणलेला.

त्यांनी भाषण रेटलं. गिल्बर्टनं किल्ला बांधला, गुरुवारचा बाजार भरवला, इथवर आले आणि चमचे वाजू लागले. खाटीकदादांनी हात वर करून अदबीनं विचारलं की मटणाचं आहे की नुसतं लीकच्या पातीचं. विष्णूरावांनी पत्रक हिसकावून घेतलं. त्यावर छापलं होतं, लॉर्ड गिल्बर्टनं गावाला सूप पाजलं, शनिवारी विष्णू सगळ्यांना वाढणार.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या गावादेखत ते लेकीवर बरसले. तीही बापाचीच मुलगी.

“बाबा, तुम्हीच म्हणाला कौल! वेल्शमध्ये कौल म्हणजे सूप. इतकी सोपी शब्द होती, मी डबल चेक पण नाही केली.”

तोवर त्यांच्या पत्नी वरदाबाई घरी धावल्या होत्या. नवऱ्याच्या सत्काराप्रीत्यर्थ सकाळीच पुरण घातलेलं, त्यामुळे कटाची आमटी पातेलंभर तयार. त्यात दोन किटल्या पाणी ओतून त्या परतल्या. गावानं नाक पुसत, डोळे पुसत दोन-दोनदा घेतली. भाषणाची सतरा पानं तशीच हातात राहिली.

विष्णूराव कौन्सिलच्या चेअरमनवर कडाडले, की पुढच्या वर्षी भाषण पुरं होणार नसेल तर मी हे गाव सोडतो. चेअरमन सरळ माणूस. त्यानं तिथल्या तिथे हात वर करायला सांगितले. भाषणाला एकच हात, विष्णूरावांचा. आमटीला अख्खं गाव, आणि पळीसकट वरदाबाई.

“आई, असं लोकांनी ठरवलं की त्याला मराठीत काय म्हणतात?” तनिषानं हळूच विचारलं.

वरदाबाईंनी पातेल्याच्या तळाशी पळी फिरवली. “त्यालाही कौलच म्हणतात, बाळा.”

सकाळपासून विष्णूरावांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांनी सतरा पानं काखेत मारली आणि आजीबाईंचा रिकामा वाडगा मुकाट्यानं पुढे केला.