टेंबेकाकांची चौथी पट

उज्जैनला मला उभं केलं ते टेंबेकाकांनी. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

काका आमच्या कारखान्यात हवेच्या टाक्यांचं डिझाइन करायचे. पण ते राहायचे त्या माधवनगरात त्यांची ख्याती वेगळीच. कुणाकडेही गेले की चहाआधी म्हणायचे, "वहिनी, आधी कुकर दाखवा!" रिंग ताणून बघायचे, व्हॉल्व्हला टिचकी मारायचे. काही वहिनी तर त्यांना फाटकात बघूनच कुकर लपवायच्या.

टाकी कामाच्या चौपट दाब सोसेल अशीच ते आखायचे. मी एकदा विचारलं, चारपट कशाला? "एक पट कामाची, दुसरी वेल्डरच्या डुलकीची, तिसरी शेटजींच्या कंजुषीची, आणि चौथी आपल्याला जे ठाऊकच नाही त्याची!"

वेल्डर मीच. नववीत शाळा सोडून लातूरकडून आलेला, कायम धास्तावलेला. तेव्हा बाहेरच्या कंपन्या नुकत्या यायला लागल्या होत्या. एकीनं टाक्यांची मोठी ऑर्डर देऊ केली, पण अट घातली : एक टाकी आमच्यासमोर फोडून दाखवा. त्यांच्या साहेबानं नेमकी माझ्या हातची निवडली. शेटजी मला म्हणाले, "जोड खुला, तो तेरी छुट्टी."

"अरे भिया, थरथरून काय राहिलास?" काका त्यांच्या माळवी ढंगात म्हणाले. "पत्रा फाटू दे खुशाल. तुझा सांधा सुटता कामा नये."

टाकीत हवेऐवजी पाणी भरलं, म्हणजे फुटली तरी तुकडे उडू नयेत. सगळे भिंतीआड, पंपावर काका स्वतः. काटा चढत चढत चौपटीला पोचला. टाकी ढिम्म. काका तिलाच म्हणाले, "घे, अजून पी!" काटा आणखी सरकला, आणि धप्प! मी डोळेच मिटले.

"ये, बघ तुझी करामत!"

पत्रा मधोमध फाटून माशासारखा आ वासून पडलेला. सांधा मात्र जसाच्या तसा! साहेबानं माझा हात हातात घेतला. शेटजींनी पेढे मागवले आणि हसत बोलून गेले, "टेंबेसाब सुबह ही बोले थे, ये जाएगा तो मैं भी जाऊँगा."

संध्याकाळी जो तो घरी सांगायला पळाला. काका सायकल धरून रेंगाळले. "माझ्या घरी ऐकायला कोणी नाही रे. जेवायला चल. पहिल्यापासून सांगतो तुला."

गेलो. माझ्याच टाकीची गोष्ट त्यांनी रंगवून रंगवून सांगितली, आणि मी "मग काय झालं?" विचारत शेवटपर्यंत ऐकली.

एक दिवस काकांना गावी नेणार आहे. आई, भाऊ, चुलते, आळीतली पोरंसोरं, सगळं अंगण भरून बसवीन त्यांच्यापुढे आणि म्हणेन, काका, आता सांगा.