तापी नानांच्या वावरातून वाहते

"तू काही काळजी करू नको, नूतन. आखाजीच्या आत सगळ्या गावाची वावरं तुह्या नकाशावर आणून ठेवतो. नाही आणली तं नाव सुकदेव सांगणार नाही!"

फैजपूरजवळच्या त्या गावात मारुतीच्या पारावर नानांनी हे जाहीर केलं तेव्हा चांगल्या टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही जण आपलं वावर नकाशावर द्यायला तयार नव्हता, ही गोष्ट वेगळी.

नूतन ही नानांची सख्खी पुतणी. कृषीची पदवी घेऊन ती एका संशोधन केंद्रात लागली होती आणि केंद्राने तिला तिच्याच गावाच्या अंगावर सोडलं होतं. काम ऐकायला सोपं होतं. शेतकऱ्याने वावराच्या कोपऱ्यावरच्या दगडाशी उभं राहायचं, फोनवर पीक निवडायचं, बांधाबांधाने चालत जायचं आणि परत त्याच दगडाशी यायचं. वेढा पूर्ण झाला की वावर सामायिक नकाशावर उमटणार. हा नकाशा कुणीही उघडावा, फुकट पाहावा. शास्त्रज्ञ त्यावर उपग्रहाची चित्रं टाकणार आणि केळीवरचा करपा कुठून निघाला, कुणीकडे सरकला, कुठल्या बागाला किती पाणी लागतं, हे आधीच सांगणार. वर ज्या गावाची सगळीच्या सगळी वावरं नकाशावर येतील, त्या गावाला हवामानाचं यंत्र मिळणार. एक जरी वावर राहिलं तर यंत्र शेजारच्या गावाला.

गावाला यंत्र हवं होतं, पण नकाशा नको होता. निंबा नावाच्या शेतकऱ्याचं म्हणणं, वावर असं उघड्यावर टाकलं की दृष्ट लागते. दुसऱ्याला वाटे, आज वावर मोजतात, उद्या विहिरीवर मीटर बसवतील. नूतनने समजावून समजावून घसा बसवून घेतला आणि शेवटी काकाला शरण गेली. नाना म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांनी आधी आपलं वावर दिलं असतं तर बाकीचे मागून आले असते.

पण खरी गोम तिथेच होती, आणि ती फक्त नानांना माहीत होती.

दिपमालाचं, म्हणजे नानांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न दोंडाईच्याजवळच्या अमृत आबांच्या घरी जमत होतं तेव्हा बैठकीत आबा सहज म्हणाले होते की आमचं वावर तीस एकर. आता समोरचा तीस म्हणतो म्हटल्यावर नानांनी काय गप्प बसायचं? त्यांनी वीस सांगितलं. तसं ते खोटंही नव्हतं. सातबाऱ्यावर वीसच होतं. फक्त तो सातबारा दोन भावांचा सामायिक होता आणि नूतनच्या बापाच्या वाट्याचा उल्लेख करायचा त्या दिवशी नानांकडून राहून गेला. पुढे वाट्याची गोष्ट काढायला मुहूर्तच सापडला नाही. आता नकाशा म्हणजे तर कुणीही उघडणार, दोंडाईच्यातसुद्धा. व्याह्यांनी आकडा पाहिला तर आपल्या लेकीला उठताबसता ऐकावं लागेल, ही नानांची खरी भीती होती.

तरी शब्द दिला होता. एके दिवशी सकाळी नाना कडुनिंबाखालच्या दगडाशी उभे राहिले, पीक म्हणून केळी निवडलं आणि निघाले. नूतनने बजावलं होतं की परत दगडाशी येईपर्यंत फोनला हात लावायचा नाही, काहीही दाबायचं नाही. नाना फोन खिशात ठेवून बांधाबांधाने चालले. तीन बाजू झाल्या. चौथ्या बांधाला वळल्यावर नाना रेंगाळायला लागले. आणखी थोडं चाललं की आकडा उमटणार!

तेवढ्यात बांधावर त्यांच्या पत्नी तानुबाई आल्या.

"जीप आली, निघा आता. पोरगी तिकडे वाट पाहून राह्यली."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आणायची म्हणजे आणायची, तिथे सबबी चालत नाहीत. तानुबाईंनी पुरणपोळ्या भाजायचं खापर घासून ठेवलं होतं, अंगणातल्या झाडाला झोका टांगला होता. एरवी बायकोच्या तीन हाकांना एकदा ओ देणारे नाना त्या दिवशी पहिल्या हाकेला जीपमध्ये जाऊन बसले. वेढा अर्धाच राहिला, बरं झालं, आल्यावर पाहू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. फोनला मात्र हात लावला नाही. नूतनने सांगितलं होतं ना, काही दाबायचं नाही म्हणून!

फोन सडकही मोजत असेल, ही शंका नानांच्या मनाला शिवलीच नाही. एवढा महागाचा फोन, त्याला वावर कुठलं आणि डांबरी सडक कुठली एवढं कळत असेलच. जीप भुसावळवरून जळगावला गेली. तिथे लेकीला साडी घेतली. पुढे पारोळ्यावरून धुळ्याला साडूकडे चहा झाला आणि मग दोंडाईचा. फोन जीपमध्ये चार्जिंगला लावलेला. कुणी हात पुढे केला की नाना दटावत, "राहू दे रे भो, वावर मोजणं चालू हाये." व्याह्यांकडे मुक्काम झाला. अमृत आबांनाही त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की आमचं वावर आता शास्त्रज्ञ पाहणार. सांगून झाल्यावर जीभ चावली, पण उशीर झाला होता.

परतताना चोपड्याच्या बहिणीलाही आखाजीला न्यायचं होतं, म्हणून जीप शिरपूर, चोपडा, यावल अशी वरच्या अंगाने आली. गाव जवळ आलं तशी दिपमाला म्हणाली, आधी आपला बाग दाखवा. नाना लेकीसोबत कडुनिंबाखाली उतरले. दगडाशी पाय टेकला मात्र, खिशातून गोड आवाज आला, "वेढा पूर्ण झाला. धन्यवाद."

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या प्रेमराज सरांचा नूतनला फोन आला. सर शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज जरा वर गेला होता. तुमच्या गावच्या एका शेतकऱ्याची केळी थेट दोंडाईच्यापर्यंत गेली आहे, असं ते सांगत होते. अमळनेर आख्खं केळीत होतं. धरणगाव केळीत होतं. धुळे शहर बांधावर आलं होतं. तापी नदी मधून वाहत होती, पण शेतातल्या पाटासारखी. एवढ्या केळीला पाणी किती लागेल याचा हिशेब करायला बसलेला केंद्राचा संगणक सकाळपासून बंद पडला होता. शिवाय नकाशा सगळ्या जगाला खुला! कुठल्याशा परदेशी विद्यापीठातल्या बाईंनी या शेतकऱ्याला भेटायची इच्छा कळवली होती.

नूतन धावत काकाकडे आली. उपाय एकच होता. मालक स्वतः वावराभोवती पुन्हा फिरल्याशिवाय जुनी रेघ पुसली जात नव्हती. काका, आत्ताच्या आत्ता चला, असं ती म्हणाली आणि नानांचा गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला.

खरं म्हणजे नानांना आता दुहेरी भीती होती. सकाळीच अमृत आबांचा फोन येऊन गेला होता. "नाना, तुम्ही तं वीस एकर सांगेल व्हतं ना? आम्हनं बठ्ठं गाव तुम्हना वावरमा शे!" आपलं आख्खं गाव नानांच्या वावरात गेलं म्हणून आबा मनसोक्त हसले होते. दोन जिल्ह्यांवरून व्याह्यांच्या डोळ्यांदेखत उतरायचं, तेही वीसवर नाही, त्याहून खाली! यापेक्षा गुडघा बरा.

गुडघा दुखत राहिला आणि बातमी पसरत राहिली. दोंडाईच्याला बी-बियाण्याचं दुकान असलेल्या झुंबरलाल शेठनी खुद्द फोन केला.

"नाना, आमचं दुकान तुमच्या केळीत आहे असं ऐकतो. पाणी सोडायच्या आधी जरा कळवा, खताची पोती उचलून ठेवतो."

गावात मात्र कुणी हसत नव्हतं. निंबाने फोनवर नकाशा उघडून पाहिला. गाव सोडताना नानांची जीप त्याच्या बागापलीकडच्या सडकेने गेली होती, त्यामुळे त्याचा बाग पुरता नानांच्या रेघेच्या आत. तो तडक नूतनकडे आला आणि माझं वावर नानाच्या नावावर गेलं कसं, म्हणून भांडायला लागला. नूतनने सांगितलं की हा सरकारी कागद नाही, इथे कुणाची मालकी बदलत नाही. मग तिला एकदम सुचलं. जो आपल्या वावराभोवती स्वतः फिरेल, तेवढा तुकडा नानांच्या वेढ्यातून आपोआप सुटतो, हे तिने निंबाला सांगितलं. ते खरंही होतं.

दृष्ट लागेल म्हणणारा निंबा ऊन न बघता बांधाला लागला. त्याचा बाग नानांच्या पोटातून सुटला तसा शेजाऱ्याला आपला आठवला. मग सगळं गाव फोन धरून बांधावर! ज्यांची वावरं रेघेच्या बाहेर होती, तेही फिरून आले. नानांचा काय भरवसा, उद्या बहिणीला पोचवायला दुसऱ्या वाटेने जातील, असं म्हणून.

तिकडे झुंबरलाल शेठनी वेगळाच धडाका लावला. दुकानात बियाणं घ्यायला जो येई त्याला ते विचारत, "वावर सोडवलं का नानांकडून?" नसेल तर स्वतः फोन चालवून देत. केंद्राने धुळे जिल्ह्यात दोन वर्षं सभा घेऊन जमवली नव्हती एवढी वावरं त्या आठवड्यात नकाशावर आली. कापूस, मिरची, भुईमूग, सगळं ज्याच्या त्याच्या जागी दिसायला लागलं. प्रेमराज सरांचा आवाज पुन्हा खाली आला. करप्याचा अंदाज आता दोन जिल्ह्यांना देता येईल, असं ते नूतनला म्हणाले आणि नानांना नमस्कार सांगितला.

शेवटी गावात एकच वावर उरलं. नूतन संध्याकाळी येऊन नानांसमोर बसली. तिचा चेहराच पडला होता. यंत्र घेऊन गाडी उद्या निघते आहे, तुमचं वावर झालं नाही तर ती शेजारच्या गावाला जाईल, असं तिने सांगितलं आणि काही न मागता उठून गेली. नानांना ते फार लागलं. पोरीने आपल्यावर भरवसा टाकला आणि आपण गुडघा धरून बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

अंगणात दिपमाला झोक्यावर होती. नाना तिच्याजवळ गेले आणि इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगून टाकलं. बैठक, सातबारा, भावाचा वाटा, सगळं.

दिपमालाने पाय टेकून झोका थांबवला. "नाना, मी त्याच वावरात लहानाची मोठी झाली. ते केवढं हाये हे मले माहीत नसंल?"

"मग तू सासरी बोलली नाही कधी?"

"कशाले बोलू? तिथलं तीस एकरबी मी रोज पाह्यते ना!"

नानांना तिच्या बोलण्याचा नीट उलगडा झाला नाही, पण छातीवरचं ओझं उतरलं. सूर्य बुडायच्या आत बापलेक कडुनिंबाखाली पोचले. चारही बांध फिरून पुन्हा दगडाशी आले आणि फोन बोलला. आकडा आला, साडेनऊ एकर. त्याबरोबर धुळ्याच्या वेशीवरची रेघ गेली, अमळनेर, धरणगाव सुटलं आणि तापी मोकळी झाली. नानांना मात्र वाटलं, आपलं वावर तेवढंच आहे आणि चांगलं हिरवंगार आहे.

यंत्र आलं. सगळ्या गावाने एकमताने ते नानांच्याच बांधावर बसवलं, कारण नाना पुन्हा कुठे निघाले तर यंत्राला आधी कळेल, असं निंबाचं म्हणणं पडलं. ऊन, वारा, ओल, सगळ्याचे आकडे त्याच नकाशावर दिसायला लागले. नूतनने पहिल्या दिवशी नानांना ते दाखवले. नानांनी आकडे पाहिले आणि मग हळूच दोंडाईच्याकडचा भाग उघडायला सांगितला. झुंबरलाल शेठच्या तडाख्यातून अमृत आबाही सुटले नव्हते. त्यांच्या चौकोनावर नूतनने बोट ठेवलं. बारा एकर. नानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाराच.

संध्याकाळी आबांचा फोन आला. नानांनी उचलला. दिपमाला दारात उभी राहून ऐकत होती.

"नाना," आबा खाकरले, "मी तुम्हनं वावर दखं."

"मीबी तुमचं पाह्यलं, आबा."

मग आबाच म्हणाले, "तुम्हना बांधवरलं यंत्र सांगस, तिकडे ऊन भलतंच शे."

"तेच तं, आबा," नाना म्हणाले. "यंदाच्या उन्हानं दोन्हीकडची वावरं आकसली."