जुना ओव्हन आणि देखणी पाटी

एका जंगलात वीज आली होती. मुलांनो, ती रोज येत नसे. पण आली की सगळ्यांना कळे, कारण चिमाक्का अस्वलिणीच्या घरून नानकटाईचा वास सुटे.

चिमाक्काकडे एक लोखंडी ओव्हन होता. त्याचं दार नीट लागत नसे, म्हणून ते तारेनं बांधावं लागे. बावीस वर्षं त्यात नानकटाई भाजली जात होती. जंगलातलं एकही बारसं त्या नानकटाईवाचून झालं नव्हतं.

एके दिवशी चिमाक्काच्या लेकीनं आईला नवा ओव्हन पाठवला. त्याला काचेचं दार होतं, अकरा बटणं होती आणि काम संपलं की तो गाणं म्हणत असे. जुना ओव्हन अंगणात आला.

लगेच भंगारवाला तरस हजर झाला. तरसाला निरोप धाडावा लागत नाही.

"वजनावर नेतो," तो म्हणाला.

"थांब जरा," केरोबा म्हणाला.

केरोबा म्हणजे चिमाक्काचा नवरा. तो पाट्या रंगवी. घरांच्या नावाच्या, पाणवठ्याचा रस्ता दाखवणाऱ्या, 'झाडांना शिंगे घासू नयेत' अशा. अक्षर असं, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. पण रंग वाळायला चार दिवस लागत आणि तोवर त्यावर चिलटं बसत. अक्षराच्या डोक्यावर चिलट चिकटलं की अनुस्वार होई. एका सशाचं नाव असंच कायमचं बदललं होतं.

पत्र्यावरचा रंग मंद आचेवर भाजला की तासाभरात पक्का होतो, असं केरोबानं ऐकलं होतं.

"हा मागच्या खोपटात ठेवतो," तो म्हणाला. "यात पाट्या भाजीन."

 चिमाक्कानं ओव्हनच्या दाराची तार उगाच सोडली आणि पुन्हा बांधली.

"ठेवा," ती म्हणाली. "पण एक ऐका. एकदा यात रंग गेला, की यात पुन्हा खाण्याची वस्तू जायची नाही. घासला तरी नाही. धुतला तरी नाही. रंग तापला की त्यातून काय निघतं आणि पत्र्यात कुठं मुरतं, ते रंगवाल्यालाही ठाऊक नसतं."

"कबूल."

"तोंडी नको. तशी पाटी लावा."

केरोबानं मन लावून काम केलं. आतल्या जाळ्या काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि पाट्या टांगायला आकडे बसवले. वाफा बाहेर जाव्यात म्हणून खोपटाची मागची भिंत फोडून झरोका केला. मग पहिली पाटी रंगवली. पांढऱ्या जमिनीवर लाल अक्षरं, भोवती वेलबुट्टी :

'या ओव्हनमध्ये खाण्याचे पदार्थ भाजू नयेत.'

ती त्याच ओव्हनमध्ये भाजली. तासाभरानं बाहेर काढली, तर आरशासारखी चकाकत होती. केरोबानं नखानं खरवडून पाहिलं. ओरखडा उठला नाही, आणि ते अस्वलाचं नख होतं. केरोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, वाफेमुळे आलं.

पाटी ओव्हनच्या वर ठोकली आणि जंगल बघायला लोटलं.

"अय्या, काय अक्षर आहे हो!" कावेरीवहिनी चितळीण म्हणाल्या. "मला अश्शीच एक करून द्या."

"तुमच्याकडे ओव्हन आहे?"

"नाही हो. पण दारासमोरची भिंत रिकामी आहे."

केरोबानं तशीच एक करून दिली. ती बघून माकडांनी मागितली. मग उदमांजरांनी. महिन्याभरात चौदा घरांत 'या ओव्हनमध्ये खाण्याचे पदार्थ भाजू नयेत' अशी पाटी लागली. शाळेनं ती प्रवेशद्वारावर लावली. एका नव्या जोडप्याला ती लग्नात भेट मिळाली.

"अहो, त्यावर काय लिहिलंय ते तरी कुणी वाचतं का?" चिमाक्कानं विचारलं.

"सगळे वाचतात की," केरोबा म्हणाला. "वेलांटी किती सुरेख आहे, असं सगळेच म्हणतात."

पुढे आबासाहेब सांबराच्या मुलीचं लग्न ठरलं. आबासाहेबांनी चारशे नानकटाया सांगितल्या. लग्नाच्या दिवशी सकाळी चिमाक्कानं तूप आणि पिठीसाखर फेसून पीठ मळलं, गोळे वळले, ताटांत मांडले. नव्या ओव्हनचं बटण दाबलं. ओव्हननं गाणं म्हटलं आणि तो बंद पडला.

चिमाक्कानं कंपनीला फोन लावला. पलीकडून पोपट बोलला.

"आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कारागीर आठ दिवसांत येईल."

"अहो, इथं दुपारी लग्न आहे."

"आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे," पोपट म्हणाला.

तोवर बातमी मांडवात पोचली होती. आबासाहेब स्वतः आले. त्यांच्याबरोबर गणपा रानडुक्कर आला. जेवणावळीचा बंदोबस्त त्याच्याकडे होता, आणि चाखून बघण्याचं कामही.

"चिमाक्का, काळजी कसली करता?" आबासाहेब म्हणाले. "तुमचा जुना ओव्हन आहे की मागं."

"त्यात रंग भाजलाय, आबासाहेब. काल संध्याकाळीच पाच पाट्या काढल्यात."

"रंग वरवरचा असतो हो."

"बावीस वर्षं नानकटाई आणि महिनाभर रंग," गणपा म्हणाला. "जास्त काय मुरलं असेल?"

हा हिशेब सगळ्यांना पटला. चिमाक्कानं नवऱ्याकडे पाहिलं. केरोबानं जमिनीकडे पाहिलं.

"आतून ओल्या फडक्यानं पुसून घेतलं तर..." तो हळूच म्हणाला.

"तुम्हीसुद्धा?" चिमाक्का म्हणाली.

ताटांतले गोळे मऊ पडू लागले होते. आज नानकटाई पोचली नाही, तर बावीस वर्षांचं नाव जाणार होतं. हे तिला इतर कुणाहून जास्त कळत होतं. तरी ती म्हणाली, "नाही म्हणजे नाही. खड्डा खणते, निखारे घालते, वर पत्रा ठेवून भाजते. जळतील थोड्या, पण खाण्याजोग्या होतील."

ती कुदळ घेऊन नाल्याकडे गेली. केरोबाही मुकाट्यानं लाकडं आणायला गेला.

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर गणपानं चार जणांना खूण केली. त्यांनी ताटं उचलून खोपटात नेली. आकडे काढले, कोपऱ्यातल्या जाळ्या बसवल्या. पाटी मधे येत होती, म्हणून एकानं ती अदबीनं उतरवून भिंतीला टेकवली.

"जपून रे," आबासाहेब म्हणाले. "सुंदर वस्तू आहे."

चिमाक्का परतली तेव्हा घरातली ताटं गायब होती आणि मांडवाच्या दारात चारशे नानकटाया रचून ठेवल्या होत्या. त्यांवर तांबूस झाक होती आणि त्या चकाकत होत्या.

"काय तुकतुकी आलीय!" कावेरीवहिनी म्हणाल्या. "अशी तुमच्या हातानं कधी आली नव्हती हं, चिमाक्का."

चिमाक्कानं एक उचलून नाकाशी धरली. मग तिनं एकेक ताट उचललं आणि चारशेच्या चारशे नानकटाया नाल्याकाठी खणलेल्या खड्ड्यात ओतल्या. केरोबानं फावड्यानं वर माती लोटली. या वेळी तो जमिनीकडे पाहत नव्हता.

मांडवात गहजब झाला. भरल्या मांडवातलं अन्न पुरलं म्हणून बायकांनी कपाळावर हात मारले. आबासाहेब म्हणाले की, या अस्वलिणीशी आपण जन्मात बोलणार नाही. लग्न गूळ-खोबऱ्यावर उरकलं.

चारशेच्या चारशे असं मी म्हटलं, मुलांनो, पण ते तितकंसं खरं नाही. अकरा कमी होत्या. त्या गणपानं चाखल्या होत्या. तो तीन दिवस झाडाखाली आडवा होता. त्याच्या पोटातून काय काय बाहेर आलं ते गोष्टीत सांगण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी तो उठून बसला आणि क्षीण आवाजात म्हणाला, "चिमाक्काची नजर लागली."

जंगलानं चौकशी समिती नेमली. समितीनं ओव्हन पाहिला, खड्डा पाहिला, गणपाची जीभ पाहिली. मग निर्णय दिला : दोष पाटीचा आहे. 'खाण्याचे पदार्थ भाजू नयेत' असं तिथं लिहिलं नसतं, तर या ओव्हनमध्ये खाण्याचे पदार्थ भाजता येतात हे कुणाला सुचलंच नसतं. पाटी जप्त झाली. ती समितीच्या कार्यालयात दर्शनी भिंतीवर लावली गेली.

केरोबाला वाईट वाटलं. "दुसरी करतो," तो म्हणाला. "याहून चांगली."

"तुम्ही नका करू," चिमाक्का म्हणाली.

तिनं चुलीतला एक कोळसा उचलला आणि ओव्हनच्या दारावर भलंमोठं, वाकडंतिकडं लिहिलं : 'वीश'.

केरोबानं डोळे मिटून घेतले. "अगं, पहिली वेलांटी हवी. आणि पोटफोड्या ष."

"हात लावून तर बघा."

दुसऱ्या दिवशी शाळेचे मुंगूस गुरुजी तिथून चालले होते. त्यांनी ते अक्षर पाहिलं आणि ते थबकले. जवळ आले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं, आणि दोन पावलं मागे सरले. संध्याकाळपर्यंत सारं जंगल ती चूक बघून गेलं. जो तो दारापाशी वाकून एकेक अक्षर लावी, हसायला तोंड उघडी आणि न हसताच घरी जाई.

त्यानंतर त्या ओव्हनमध्ये कुणी साधा शेंगदाणासुद्धा भाजला नाही.

तात्पर्य : सूचना लोकांनी वाचावी असं वाटत असेल, तर ती अशुद्ध लिहावी. शुद्ध आणि सुंदर लिहिलेली सूचना फक्त भिंतीला शोभा आणते.