तात्यांची कणीक

माणसं खिशात तंबाखू ठेवतात, आमचे शेजारी तात्या भिजवलेली कणीक ठेवतात. मृदुंगाचा आवाज घुमावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला कणीक थापतात, आणि तात्या जाखडीच्या नाचातले जुने मृदुंगवाले. लग्न असो की भजन, आवाज कोरडा वाटला की हा गृहस्थ कणकेची डबी काढून परक्याच्या मृदुंगाला हात घालणार. "उपाशी हाय रे तो. आधी त्याला भरवा." ऐकलं नाही, तर छत्री उचलून चालते होणार. पोलादपूरच्या एका लग्नातून ते अक्षता पडायच्या आधीच घरी परतले होते.

त्यांचा मुलगा संदेश जाखडीची गाणी गिटारवर गातो. सोबत ड्रम, आणि घरातून न विचारता नेलेला तात्यांचा मृदुंग. तो नेला तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, भात कापून झालाय." "त्यांना सांग दादा, कळलं." मी बिरवाडीला कारखान्यात कामाला आहे की टपालखात्यात, असा मलाच प्रश्न पडायचा.

यंदा संदेशच्या गाण्यांच्या दौऱ्याची फिल्म निघाली. ती आधी आंबेनळी घाटाखालच्या आमच्या वाडीत दाखवायची, असा त्याचा हट्ट. मला तेवढं सांगून ठेवलं होतं, "बाबा शेवटपर्यंत बसले तर घरची पायरी चढीन. मधेच उठले, तर परत येणार नाय."

देवळात पडदा म्हणून चादर बांधली. तात्या पुढे, छत्री मांडीवर. संदेश मागे, मशीनपाशी. दोन गाणी निभावली. तिसऱ्याला मृदुंग कोरडा वाजला. तात्या छत्री घेऊन उठले. संदेशने मान खाली घातली.

पण तात्या दाराकडे वळले नाहीत. सरळ चादरीपाशी गेले, डबी काढली आणि सवयीच्या हाताने चित्रातल्या मृदुंगावर कणीक थापली. तेवढ्यात चित्र बदललं. मृदुंगाच्या जागी संदेशचा घामेजलेला चेहरा आला, दाराएवढा मोठा. कणीक नेमकी त्याच्या ओठांवर. पोरं हसली. तात्यांचा हात मात्र तिथेच राहिला.

"आन् तू रे?" ते चादरीला म्हणाले. "तू जेवतोस का, का तू पण असाच उपाशी फिरतोस?"

सवयीने निरोप पोचवायला मी मागे वळलो. त्याची गरज पडली नाही.

"अजून जेवलो नाय, बाबा," संदेश म्हणाला.