काकासाहेबांची शुद्ध

माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे कपाळाला पट्टी चिकटवून कळतं, ही वैद्यकशास्त्राची थोर प्रगती होय. आमच्या घरात आजवर आवाजावर भागत होतं. जो ओरडतो तो शुद्धीवर.

काकासाहेब, म्हणजे माझे थोरले काका, हे घरातले एकमेव निर्णय अधिकारी. दहावीनंतर सायन्सला जाऊ का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी ‘नाय’ हा निर्णय तत्काळ दिला. (मोबाइलवरची नजर न काढता. कार्यक्षमता म्हणतात ती हीच.) माझ्या पाहणीनुसार घरातले शंभरातले नव्व्याण्णव नकार मोबाइल बघताना दिले जातात, उरलेला एक घोरताना.

अ‍ॅडमिशन तोंडावर आली आणि काकासाहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. सिडकोतल्या दवाखान्यात भूल देणाऱ्या मंतशा मॅडम त्यांच्या कपाळाला पट्टी लावायला लागल्या, तसे ते दचकले.

“यात मनातलं दिसतं का हो?”

“दिल की बात नहीं दिखती, काका. मेंदूतल्या विजेच्या लाटा दिसतात. जागेपणी बारीक, घाईच्या. भूल चढली की मोठ्या, संथ.”

काकासाहेबांचा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी मला नंतर समजावलं, की भुलीनं मेंदू बंद पडत नाही. त्याचे भाग आपापल्या जागी चालू असतात, फक्त त्यांचं एकमेकांशी बोलणं तुटतं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमचंही एकत्र कुटुंब आहे.

ऑपरेशननंतर काकासाहेबांनी अर्धवट डोळे उघडले आणि अर्जदारांनी पलंगाला वेढा घातला. त्यांच्या मुलानं, ऋतुराजनं, बुलेट मागितली. “व्हय.” भागूकाकूनं महिनाभर माहेर मागितलं. “व्हय.” मी सायन्स मागितलं. “व्हय, व्हय.” (दोनदा. नोंद घ्यावी.)

संध्याकाळी ते पुरते जागे झाले आणि सगळे होकार रद्द झाले. कारण बिनतोड होतं.

“भुलीत म्हणलो आसंल. मला आठवत नाय, म्हंजी मी म्हणलोच नाय.”

“बरं,” मी म्हणाले. “आन त्याच्या आधी तुम्ही मला कोणत्या गोष्टीला नाय म्हणाला होतात?”

काकासाहेब पंख्याकडं बघत राहिले. मग काकूकडं.

“माझ्याकडं काय बघता? मला कधी काय सांगता का तुम्ही?”

“तनुजा, तू ते... स्कूटी मागत व्हतीस ना?”

स्कूटी मी जन्मात मागितली नव्हती. नियम तोच लावला, नकारही रद्द. मी त्यांच्या हातातला मोबाइल काढून उशीखाली ठेवला आणि पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी माझ्याकडं बघितलं. लई वेळ.

“जा,” म्हणाले.

तुमच्या घरातल्या पोरीला तुम्ही शेवटचं कोणत्या गोष्टीला ‘नाय’ म्हणालात, आठवतंय का? नसेल, तर घाबरू नका. पट्टी काढताना कपाळ जरा ओढलं जातं, बाकी दुखत नाही.