पिकअपचं ऑइल आणि भावांची एकी

एकत्र कुटुंब टिकतं ते एकमेकांच्या मताला मान दिल्यामुळे, असं दोघे भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. वडिलांच्या मागे त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात एकही निर्णय एकट्याने घेतला गेला नव्हता. त्यामुळे बरेचसे निर्णय घेतलेच गेले नव्हते. पाटीला कोणता रंग द्यायचा यावर एकमत न झाल्याने कारखान्याची पाटी अजून तोंड भिंतीकडे करून उभी होती.

त्या दिवशी मात्र वेळ घालवून चालणार नव्हतं. शाळेची नवी बाकं तयार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची तपासणी. आज शाळा सुटायच्या आत बाकं वर्गात लागली नाहीत, तर कपाटं आणि टेबलांचं पुढचं सगळं काम दुसऱ्या कारखान्याला जाईल, असं मुख्याध्यापिकाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. भावांनी सकाळीच बाकं पिकअपमध्ये रचली, दोरांनी करकचून आवळली, गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर आणली, आणि तिथे समोरच्या काट्यांमध्ये ऑइलचा लाल दिवा लागला.

मेकॅनिकला बोलावणं गेलं. मेकॅनिक स्वभावाने फार गोड होता. जन्मात त्याने कोणाला ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. त्याने ऑइलमध्ये बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि मान हलवली.

“डांबर झालंय पार.”

एवढं बोलून तो गाडीखाली शिरला आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने सगळं ऑइल एका डब्यात सोडून दिलं. जुना ऑइल फिल्टर हाताने निघेना, म्हणून त्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर खुपसून तो पिळून काढला. मग हात पुसत म्हणाला, “नवं ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर घेऊन या. बसवायला काय, चहा निवायच्या आत होतं.”

“बरं,” दोघे भाऊ एकदम म्हणाले. ऑइलबाबत त्यांचं त्या दिवशीचं हे शेवटचं एकमत.

स्पेअर पार्टच्या दुकानात थोरले, म्हणजे दादा, काउंटरवर कोपरं टेकून म्हणाले, “ऑइल द्या. घट्ट.”

“पातळ,” धाकटा म्हणाला. त्याला पूर्ण टक्कल पडलं होतं, तरी घरात सगळे छोटूच म्हणत. “फुल सिंथेटिक. मी व्हिडिओ बघितलाय.”

“अरे, गाडी म्हातारी झालीय. म्हाताऱ्या इंजिनात फटी पडतात. त्या बुजवायला लाकडाला भरतात तशी लांबी लागते, पाणी नाही.”

“दादा, ते इंजिन आहे, खिडकीची चौकट नाही!”

दुकानदाराने दोन्ही कॅन पुढे ठेवले. एकावर पंधरा-चाळीस होतं, दुसऱ्यावर पाच-तीस. दादांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही आकडे वाचले.

“इथे पंधरा आणि चाळीस देतायत. तुझ्या डब्यात पाच आणि तीस. कमी कशाला घ्यायचं?”

“ते मार्क नाहीत, दादा, घट्टपणाचे आकडे आहेत!”

ऑइलवर अडलं म्हणून दुकानदाराने ऑइल फिल्टर काढले. दादांनी एकेक कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकला. लाकूड ते असंच पारखत.

“पोकळ वाजतोय.”

“फिल्टर पोकळच असतो. भरीव असला तर ऑइल जाईल कुठून?”

“ते ऑइल बघून घेईल.”

शेवटी दोघांनी मेकॅनिकला फोन केला. एकाच वेळी, आपापल्या. दादांचा आधी लागला. घट्ट घालायचं ना? “घालू की, दादा, मस्त चालेल.” मग छोटूचा लागला. सिंथेटिकच घ्यायचं ना? “एकदम बेस्ट, छोटूशेठ.” दोघांनी विजयी मुद्रेने फोन खिशात ठेवले आणि आपापल्या पसंतीचा कॅन उचलला. फिल्टरही दोन-दोन घेतले. दुकानदाराने इतक्या आदराने पिशव्या भरल्या, जणू असं एकत्र कुटुंब त्याला रोज दुकानात हवं होतं.

कारखान्यावर परतल्यावर मेकॅनिकने दोन्ही कॅन पाहिले आणि तो प्रथमच गंभीर झाला.

“एवढं ऑइल घ्यायला इंजिनं दोन लागतील.”

“तूच सांग मग, कुठलं घालायचं?” दादा म्हणाले.

“दोन्ही चांगलीच आहेत. तुमचं घराचं ठरलं की हाक मारा,” असं म्हणून तो लाकडाच्या भुशाच्या पोत्यावर जाऊन बसला.

प्रकरण आईकडे गेलं. आईने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

“तुमचे वडील दुकानात जाऊन म्हणायचे, दे बाबा काय असेल ते. आणि घालायचे.”

यावर दोघांचंही समाधान झालं नाही. आईला हल्ली नीट आठवत नाही, यावर मात्र ते मनातल्या मनात सहमत झाले.

धाकट्या जावेचा, म्हणजे छोटूच्या बायकोचा, व्यवहार चोख. तिने सरळ नाक्यावरून एक टेम्पोवाला बोलावून आणला. तो आला, बाकं बघून म्हणाला, “भरा.” दोन्ही भाऊ एकदम त्याच्या अंगावर धावले.

“दारात आपली गाडी असताना परक्याच्या गाडीतून माल?” दादा कडाडले.

“वडिलांपासून आपला माल आपल्याच गाडीतून जातो!” छोटू म्हणाला.

टेम्पोवाल्याने टेम्पो वळवला. जाता जाता खिडकीतून डोकं काढून त्याने कॅनकडे बोट दाखवलं आणि त्याच्या मते ही दोन्ही ऑइलं बेकार आहेत, असं सांगून तिसऱ्याच ऑइलचं नाव घेतलं. ते बरं की वाईट यावर आणखी थोडा वेळ गेला.

अखेर मोठ्या वहिनींनी तोडगा काढला. “ऑइल ह्यांचं, फिल्टर भावजींचे. दोघांचा मान राहील. आणि आता आवरा, बाई ओरडतील.”

वाटणी झाली. छोटूने विजेत्याच्या ऐटीत आपला ऑइल फिल्टर मेकॅनिकच्या हातात दिला. मेकॅनिकने तो फिरवला. एक आटा चढला, दुसरा चढेना.

“हा नव्या मॉडेलचा आहे, छोटूशेठ.”

“व्हिडिओत हाच होता!”

“व्हिडिओतली गाडीपण नवी असेल.”

“तरी मी म्हणत होतो,” दादा म्हणाले, “पोकळ वाजतोय.”

“बरं, दादाने आणलेला लाव,” छोटू दात आवळून म्हणाला. “पण एअर फिल्टर माझाच. कुठाय तो?”

एअर फिल्टर दोरीवर होता. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याच्या मधोमध, दोन चिमट्यांत लटकलेला, पाणी गळत. शेजारी दादांनी आणलेलाही होता. कागदाच्या घड्या विरघळून त्यांचा लगदा होत आला होता.

“वहिनी! हे काय?”

“दुकानातली वस्तू, दहा जणांनी हाताळलेली,” मोठ्या वहिनी म्हणाल्या. “आपल्याकडे नवीन काहीही धुतल्याशिवाय वापरत नाहीत. चांगला साबण लावून चोळलेत दोन्ही.”

“अहो, तो कागद असतो!”

“मग कपडे का म्हणून विकतात?” दादांनी बायकोची बाजू घेतली. वाक्याला अर्थ नव्हता, पण बाजू घेतली गेली.

छोटू पुन्हा दुकानाकडे पळाला. दुकानदार जेवून शटर ओढून आडवा झाला होता. छोटू परतला तोवर वाटणीच मोडीत निघाली होती. फिल्टरमध्ये छोटू नापास झाल्यामुळे तेही खातं आता आपल्याकडे, असं दादांचं म्हणणं. आणि खाती बदलायचीच तर ऑइलचा प्रश्नही पुन्हा उघडला पाहिजे, असं छोटूचं. दोघे बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहून मधल्या रिकाम्या इंजिनावर बोलत राहिले. मेकॅनिकला पोत्यावर झोप लागली होती. ऊन कलायला लागलं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई पायीच आल्या. पिकअपवर बाकं, बॉनेटवर दोन कॅन, दोरीवर दोन फिल्टर, पोत्यावर एक मेकॅनिक, असं सगळं त्यांनी क्रमाने पाहिलं.

“बाकं?”

“निघालीच, बाई,” दादा म्हणाले. “ऑइलचं तेवढं ठरायचंय.”

“उद्या तपासणी आहे. मुलांना तुमच्या मतभेदावर बसवू का?”

“बाई, एक तास द्या,” छोटू काकुळतीला आला. “पुढचं काम दुसऱ्याला देऊ नका.”

“सकाळीच म्हटलं होतं मी, मोठी मुलं पाठवते.”

“तसं कसं, बाई? घरपोच म्हणजे घरपोच. माल आमच्या गाडीतून येणार!”

बाईंनी वळून दोनदा टाळी वाजवली. वरच्या वर्गातली मुलं-मुली रांगेने आली, दोर सुटले, एकेका बाकाला चौघं लागली. बाकं हसत-खिदळत, एकामागून एक, पिकअपवरून उतरून चालू लागली. बाई मागून म्हणाल्या, “कपाटांचं कामही तुम्हीच करा. फक्त पोचवायला येऊ नका.”

दोघे भाऊ रिकाम्या गाडीला टेकून बघत राहिले.

“घट्ट घातलं असतं तर केव्हाच पोचली असती,” दादा म्हणाले.

“पातळ घातलं असतं तर,” छोटू म्हणाला.

शेवटचं बाक शाळेच्या फाटकातून आत गेलं. शाळा समोरच आहे, रस्त्याच्या पलीकडे.